पिवळ्या ज्योतीतले चार अंक

आमटी उतू जाऊन शेगडीवर सांडली की निळी ज्योत भपकन पिवळी होते. तो रंग मिठातल्या सोडियमचा. अकरावीच्या रसायनशास्त्रात चार क्वांटम अंकांचा, म्हणजे अणूतल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनची अवस्था सांगणाऱ्या चार अंकांचा, तक्ता असतो आणि बहुतेक जण तो परीक्षेपुरता घोकतात. माझं म्हणाल तर तो या पिवळ्या उजेडापासूनच शिकवायला हवा. हे अंक कोणी हौसेने ठरवलेले नाहीत. वर्णपटातल्या, म्हणजे उजेड रंगारंगांत फाकवल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या, रेषांनी ते शास्त्रज्ञांच्या गळ्यात मारले.

सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन. पहिला अंक, एन, कवच सांगतो. पहिल्या कवचात २ मावतात, दुसऱ्यात ८, आणि अकरावा एकटाच तिसऱ्यात जाऊन बसतो. ज्योतीतला पिवळा उजेड याच एकट्याचा. दुसरा अंक, एल, कक्षकाचा आकार सांगतो: शून्य असेल तर एस, म्हणजे गोल, एक असेल तर पी, म्हणजे केंद्रकाच्या दोन बाजूंना दोन फुगवटे. कक्षक ही इलेक्ट्रॉनची फिरण्याची वाट नव्हे. तो कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच कक्षक सांगतं.

हायड्रोजनमध्ये ३एस आणि ३पी, म्हणजे तिसऱ्या कवचातली एस आणि पी कक्षकं, या दोन्हींची ऊर्जा जवळजवळ सारखी असते. तिथून इलेक्ट्रॉन सोडवायला साधारण १.५१ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूतली ऊर्जा मोजायचं एकक) पुरतात. सोडियममध्ये मात्र ३एसमधून सोडवायला ५.१४ लागतात आणि ३पीमधून ३.०४. एवढी तफावत का? केंद्रकात ११ प्रोटॉन आहेत, पण आतले १० इलेक्ट्रॉन त्यांची ओढ झाकतात, त्यामुळे बाहेरच्याला जेमतेम एका प्रोटॉनची ओढ जाणवते. ३एसच्या इलेक्ट्रॉनची मात्र थेट केंद्रकाजवळ सापडण्याचीही थोडी शक्यता असते. तिथे झाकायला कोणी नसतं, ओढ पुरेपूर लागते आणि तो जास्त घट्ट बांधला जातो. ३पीची केंद्रकापाशी शक्यता शून्यावर येते, म्हणून त्याला हा लाभ कमी. ज्योतीच्या उष्णतेने इलेक्ट्रॉन ३एसमधून ३पीत चढतो आणि परत उतरताना मधले २.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रकाश म्हणून टाकतो. तेवढ्या ऊर्जेचा प्रकाश पिवळाच असतो.

तिसरा अंक, एम, कक्षकाची दिशा. पी कक्षकं तीन दिशांना तीन असतात, पण एरवी त्यांच्या ऊर्जेत फरक नसतो. तो दिसायला चुंबक लागतो. १८९६ मध्ये हॉलंडच्या पीटर झीमनने सोडियमची ज्योत चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ठेवली, तेव्हा पिवळ्या रेषा रुंदावलेल्या दिसल्या. हॉलंडचेच भौतिकशास्त्रज्ञ लोरेन्ट्झ यांच्या सिद्धान्ताप्रमाणे प्रत्येक रेषेच्या तीन व्हायला हव्या होत्या. पुढे बारकाईने पाहिलं तर एकीच्या चार आणि दुसरीच्या सहा निघाल्या!

एकीच्या नि दुसरीच्या, कारण चांगल्या वर्णपटदर्शकातून हा पिवळा रंग मुळातच दोन रेषांचा दिसतो: ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. हजारात एक एवढाच फरक, पण एन, एल, एम या तिघांच्या हिशेबात तो बसेना. १९२५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउलीने दोनच किमती घेणारा चौथा अंक मांडला आणि एका अणूतल्या कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही अंक सारखे असू शकत नाहीत, असा नियम केला. पहिल्या कवचात दोनच का मावतात, हे त्यातूनच कळलं.

हा अंक म्हणजे इलेक्ट्रॉनचं स्वतःभोवती फिरणं असेल, असं तरुण भौतिकशास्त्रज्ञ राल्फ क्रोनिगला त्याच वर्षी सुचलं. पाउलीने ते उडवून लावलं आणि क्रोनिगने ते छापलंच नाही. काही महिन्यांनी हॉलंडमधल्या लायडनच्या उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी तेच लिहून आपले गुरू एरेनफेस्ट यांच्याकडे दिलं. असं असेल तर इलेक्ट्रॉनचा पृष्ठभाग प्रकाशाहून वेगाने फिरावा लागेल, असा हिशेब लोरेन्ट्झने दाखवला, तेव्हा दोघे घाबरून निबंध मागे घ्यायला निघाले. एरेनफेस्टनी तो केव्हाच पाठवून दिला होता! या फिरण्यालाच स्पिन म्हणतात, पण आज ते शब्दशः भोवऱ्यासारखं गरगरणं मानत नाहीत, त्यामुळे लोरेन्ट्झचा आक्षेप आपोआपच गळला. स्पिनवरून काढलेलं त्या दोन रेषांमधलं अंतर दुप्पट येत होतं; हिशेबातली ही चूक भौतिकशास्त्रज्ञ थॉमसने सोडवल्यावर १९२६ मध्ये पाउलीनेही स्पिन मान्य केलं. त्याला १९४५ चं नोबेल मिळालं, ते त्याच्या नियमासाठी. क्रोनिग, उलेनबेक आणि गाउडस्मिट, तिघांपैकी कोणालाच मिळालं नाही.