जॉर्जिओ मोरोडर: डिस्कोच्या आधी, डिस्कोत आणि नंतर

इटालियन संगीतकार जॉर्जिओ मोरोडर म्हटलं की लोक डिस्को, सिंथेसायझर (विजेवर आवाज तयार करणारं वाद्य), जाड मिशी आणि गॉगल इथवर येतात आणि थांबतात. इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचा बाप वगैरे पदव्या देऊन झाल्यात. पदवी चुकीची नाही, पण त्यामुळे वाटायला लागतं की हा कुणी लॅबमध्ये बसून वायरी जोडणारा इंजिनियर असणार, आणि तसं अजिबात नाही. हा मुळात बाजारात चालणारी गाणी करणारा माणूस. ऐकताक्षणी तोंडात बसेल अशी चाल बांधायची आणि विकायची हाच धंदा, मशीन त्यात कामाची वस्तू म्हणून आलं.

जन्म २६ एप्रिल १९४०, गाव ऑर्टिसेई, इटलीच्या पार उत्तरेला, डोलोमाइट डोंगरांत. हा साउथ टिरॉलचा भाग पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाकडे होता, म्हणजे पासपोर्ट इटलीचा, आजूबाजूला जर्मन बोलणारी माणसं आणि त्या खोऱ्याची स्वतःची लादिन भाषा वेगळीच. त्यामुळे पुढे जर्मनीत जाऊन गाणी करणं त्याला जड गेलं नसावं. विशीच्या आत गिटार घेऊन बाहेर पडला, युरोपभर बँडमधून वाजवत फिरला, आखेनच्या एका क्लबमध्ये गायचा आणि कधी कधी रात्री गाडीतच झोपायचा. मग बर्लिन, मग म्युनिक. १९६९ मध्ये 'लुकी लुकी' नावाचं एकदम बबलगम, म्हणजे पोरासोरांना आवडेल असं हलकंफुलकं गाणं त्याने स्वतः गायलं आणि ते दणकून विकलं गेलं. आज ऐकलं तर हसू येतं, पण त्याला गर्दीची नाडी कळते हे त्यातच दिसतं.

मूग कंपनीच्या सिंथेसायझरशी गाठ पडली ती याच काळात. १९७२ मध्ये त्याचं 'सन ऑफ माय फादर' चिकरी टिप या इंग्लिश बँडने उचललं आणि ते ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं. सिंथेसायझर ठळकपणे वाजणारं ब्रिटनमधलं पहिलं नंबर वन म्हणून हेच गाणं सांगितलं जातं. म्हणजे डिस्कोच्या कितीतरी आधीच मशीनचा आवाज चार्टवर पोचला होता, फक्त कुणाच्या डोळ्यात भरला नव्हता.

म्युनिकमधल्या अराबेलाहाउस या टोलेजंग इमारतीच्या तळघरात त्याचा म्युझिकलँड स्टुडिओ होता, तिथे पुढे रोलिंग स्टोन्स, लेड झेपलिन, क्वीन सगळे येऊन रेकॉर्डिंग करून गेले. सोबतीला पीट बेलॉट हा इंग्लिश माणूस, गीतकार आणि सहनिर्माता. (याचं नाव कुणी घेत नाही, आणि हे मला कायम खटकतं, कारण गायिका डोना समरसोबतच्या त्या सगळ्या काळात हा बरोबरीने आहे.) डोना मूळची बोस्टनची, 'हेअर' या म्युझिकलमध्ये काम करायला म्युनिकला आलेली आणि तिथेच राहिलेली. तिघांचं जमलं. १९७५ मध्ये 'लव्ह टू लव्ह यू बेबी' केलं, ते अमेरिकेत कॅसाब्लँका रेकॉर्ड्सच्या नील बोगार्टकडे गेलं, त्याने घरच्या पार्टीत लावलं तर पाहुणे म्हणे परत लाव, परत लाव, आणि मग त्याने निरोप धाडला की हेच गाणं रेकॉर्डची एक अख्खी बाजू भरेल एवढं लांब करून द्या. झालं जवळपास सतरा मिनिटांचं. बीबीसीने वाजवायला नकार दिला, अमेरिकेत दोन नंबरला गेलं.

आता 'आय फील लव्ह', १९७७. याची गंमत अशी की हे गाणं अल्बमच्या शेवटी टाकलेलं होतं. 'आय रिमेंबर यस्टरडे' या अल्बमची कल्पनाच अशी होती की जुन्या जुन्या दशकांचे ढंग घेत पुढे यायचं, आणि शेवटी एक गाणं भविष्यातलं हवं. भविष्य म्हटलं की सगळं मशीनवर, एवढा साधा हिशोब. त्यासाठी संगीतकार एबरहार्ड शोनरचा भलामोठा मोड्युलर, म्हणजे सुटे भाग वायरींनी जोडून चालणारा, मूग आणला आणि तो चालवायला रॉबी वेडेल हा टेक्निशियन. खरी जादू इथे आहे: वेडेलने टेपच्या एका ट्रॅकवर सिंकचा सिग्नल भरून दाखवला, त्यामुळे नंतर जे जे थर चढवायचे ते सगळे त्याच ठोक्यावर बिनचूक बसायला लागले. पण मूगचा सूर टिकायचा नाही, थोडं वाजलं की सरकायचा, म्हणून वीसतीस सेकंद रेकॉर्ड करा, थांबा, परत सुरात आणा, परत पुढचा तुकडा, असं करत करत गाणं जोडलं. बेसला डिले, म्हणजे मागून येणारा प्रतिध्वनी, लावला, मूळ सूर एका कानात आणि त्याची पडछाया दुसऱ्या कानात, त्यामुळे ते सरपटत पळतंय असं वाटतं. आणि एवढं सगळं मशीनवर करूनही बास ड्रमला मूगमधून हवा तसा दणका येईना, म्हणून तो ड्रमर कीथ फोर्सीने हाताने, म्हणजे पायाने, वाजवला. ज्या गाण्याला पूर्ण मशीनचं म्हणून मिरवतात त्याच्या तळाशी एक माणूस पेडल मारत बसलाय.

अमेरिकेत तर हे गाणं आधी एका सिंगलच्या मागच्या बाजूला होतं. ब्रिटनमध्ये चार आठवडे एक नंबर. गायक डेव्हिड बोवी तेव्हा बर्लिनमध्ये होता, तो सांगायचा की त्याच्यासोबत काम करणारा संगीतकार ब्रायन ईनो ही रेकॉर्ड घेऊन धावत आला आणि म्हणाला भविष्याचा आवाज सापडला.

पुढचं भराभर. दिग्दर्शक ॲलन पार्करला 'मिडनाइट एक्सप्रेस' या सिनेमासाठी अगदी 'आय फील लव्ह'सारखंच काहीतरी हवं होतं, मोरोडरने 'चेस' ही धून दिली आणि त्या सिनेमाच्या संगीताला ऑस्कर मिळालं. वेळ फार नेमकी साधली गेली, कारण १९७९ च्या जुलैमध्ये शिकागोच्या बेसबॉल मैदानात लोकांनी डिस्कोच्या रेकॉर्ड्स पेटवल्या आणि अमेरिकेत डिस्को हा शब्दच नकोसा झाला. डोनाबरोबरची जोडीही फुटली, तिच्या नव्या कंपनीने १९८१ मध्ये यांनी केलेला तिचा डबल अल्बम बासनात टाकला आणि निर्माता म्हणून क्विन्सी जोन्सला बोलावलं. तो अल्बम बाहेर आला १९९६ मध्ये.

मोरोडर तोवर सिनेमात बसलेला. ब्लाँडी या बँडचं 'कॉल मी', 'स्कारफेस' सिनेमाचं संगीत, 'फ्लॅशडान्स'च्या गाण्यासाठी दुसरं ऑस्कर, त्यात कीथ फोर्सी परत आहेच. 'टॉप गन'च्या 'टेक माय ब्रेथ अवे'साठी तिसरं, आणि त्याचा गीतकार टॉम व्हिटलॉक, ज्याने आधी मोरोडरच्या फेरारीचे ब्रेक दुरुस्त करून दिले होते. मला यातच त्याचा सगळा स्वभाव दिसतो, कोण कुठून आला हे न बघता कामाचा माणूस ओळखायचा. लॉस एंजेलिस आणि सोल ऑलिंपिकची गाणी, १९९० च्या फुटबॉल वर्ल्ड कपचं गाणं, तेही त्याचंच.

सगळंच जमलं असं नाही. १९८४ मध्ये दिग्दर्शक फ्रिट्झ लांगच्या १९२७ सालच्या मूक 'मेट्रोपोलिस'ला रंग चढवून वर रॉक गाणी बसवली, तेव्हा सिनेमावाले भडकले होते. सोळा सिलिंडरची सिझेटा-मोरोडर नावाची कार काढायच्या भानगडीतही पडला आणि लवकरच बाहेर आला. १९९० नंतर चित्रं वगैरे करत बाजूलाच होता.

२०१३ मध्ये डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या जोडीने आपल्या अल्बमसाठी त्याला बोलावलं, गायला नाही, नुसतं स्वतःबद्दल बोलायला. समोर वेगवेगळ्या काळातले तीन माइक, ज्या दशकाबद्दल बोलेल त्या दशकाचा माइक. त्याने विचारलं, फरक कुणाला कळणार? उत्तर आलं की त्या दोघांना कळेल. त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं, आणि पठ्ठ्याने पंचाहत्तरीत, २०१५ मध्ये, कायली मिनोग, ब्रिटनी स्पिअर्स यांना घेऊन स्वतःचा नवा अल्बम काढला. तो काही खास चालला नाही.