गाडीच्या ऑन-रोड किमतीतली प्रत्येक रक्कम सरकारी नसते

'ऑन-रोड किंमत म्हणजे सगळा सरकारी कर, त्यात घासाघीस चालत नाही,' हा मुंबईत वर्षानुवर्षे घट्ट बसलेला समज चुकीचा आहे. ताडदेव असो, अंधेरी वा वडाळा, आरटीओकडे जातो तो एकरकमी रोड टॅक्स आणि नोंदणीसारखी शुल्कं. कोटेशनमधले 'हँडलिंग चार्जेस' शोरूमचे. ठाम नकार द्या. विमा सक्तीचा आहे, पण तो शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही.

आणि १० लाखांवरच्या गाडीचा १ टक्का टीसीएस (शोरूम विक्रीच्या वेळीच तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरतं तो आयकर) कृपा करून बुडीत धरू नका! १२ लाखांच्या गाडीवर ते १२,००० रुपये होतात. तुमच्या पॅनवर ते जमा दिसतात, विवरणपत्र भरताना करातून वळते होतात, जास्तीचे परत मिळतात. कष्टाचे पैसे आहेत हे. बुकिंगची रक्कम देण्याआधी कोटेशन लेखी मागा, प्रत्येक रक्कम वेगळी दाखवलेलं.