मुलांची दृष्टी आणि शालेय अध्ययन

शाळकरी वयातील दृष्टिदोष आणि त्यांचा वाचन, लेखन व एकूण अभ्यासावर होणारा परिणाम हा या नोंदीचा विषय. फळ्यावरचे वाचून वहीत उतरवताना मुलाची नजर दूर-जवळ अशा सतत फेऱ्या मारते. प्रत्येक फेरीत डोळ्यातील भिंगाला आपली फुगीरता बदलावी लागते (याला समायोजन म्हणतात) आणि दोन्ही डोळ्यांना एकाच अक्षरावर जुळावे लागते. यांपैकी कोणते काम बिघडले आहे, त्यावर अभ्यास कुठे अडणार हे ठरते.

दृष्टी कमी असलेले मूल सहसा तक्रार करत नाही. सगळ्यांना असेच दिसते, अशी त्याची समजूत असते. दोष एकाच डोळ्यात असेल तर दुसरा डोळा निभावून नेतो आणि घरातही कोणाला पत्ता लागत नाही. डोळे बारीक करणे, मान तिरकी धरणे, पुस्तक नाकाशी नेणे, वाचताना ओळ सुटणे, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणे या खुणा मोठ्यांनीच ओळखाव्या लागतात. त्यांतली शेवटची तर बहुधा खोडी किंवा आळस म्हणूनच गणली जाते.

निकटदृष्टिता म्हणजे मायोपिया हा सर्वांत ठळक दोष. उणे १ नंबर असलेल्या डोळ्याला चष्म्याविना साधारण १ मीटरपर्यंतच स्पष्ट दिसते, उणे ३ असेल तर जेमतेम ३३ सेंटिमीटरपर्यंत. पुस्तक व्यवस्थित वाचता येते, फळा मात्र धूसर. देवनागरीत अनुस्वार, रफार असे बारीक अवयव आधी हरवतात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ एकसारखे भासू लागतात. अशा चुका शुद्धलेखनाच्या खात्यावर जमा होतात.

मायोपियाचे शिक्षणाशी असलेले नाते दुहेरी आहे. हेर्मान कोन या जर्मन नेत्रवैद्याने ब्रेस्लाऊ (आताचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे १०,०६० विद्यार्थ्यांचे डोळे तपासून १८६७ मध्ये दाखवले, की वरच्या इयत्तांत मायोपियाचे प्रमाण वाढत जाते. शिक्षणाची वर्षे वाढली की मायोपियाही वाढतो, असा निष्कर्ष २०१८ मध्ये ब्रिटनमधील जनुकीय माहितीवरूनही निघाला. उलट, चीनमधील ग्वांगझू येथे शाळेत रोज ४० मिनिटे जादा मैदानात घालवणाऱ्या मुलांपैकी तीन वर्षांत ३०.४ टक्क्यांना नव्याने मायोपिया झाला. इतरांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते.

दूरदृष्टिता, म्हणजे जवळचे पाहायला भिंगाला जादा जोर लावावा लागण्याचा दोष, अधिक फसवी असते. लहान मुलांच्या भिंगाची समायोजनाची ताकद दांडगी असते. दहाव्या वर्षी ती दहा डायॉप्टरहून (भिंगाची ताकद मोजण्याचे एकक) अधिक भरते. त्या जोरावर मूल दृष्टी तपासायच्या अक्षरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळही वाचून दाखवते आणि ‘डोळे उत्तम’ असा शेरा मिळवते. वाचायला बसले की मात्र हेच भिंग सतत ताणलेले राहते. थोड्या वेळाने कपाळ दुखू लागते, अक्षरे पुसट होतात आणि मूल उठून जाते. मग त्याला चंचल ठरवले जाते. चार-पाच वर्षांच्या मुलांवरील २०१६ च्या एका अभ्यासात, ठळक दूरदृष्टिता असून चष्मा नसलेली मुले वाचनपूर्व कौशल्यांत मागे आढळली. या वयात डोळ्यांत औषधाचे थेंब घालून, समायोजन थांबवून नंबर काढतात तो म्हणूनच.

तक्त्याची चाचणी हेर्मान स्नेलन या डच नेत्रवैद्याने १८६२ मध्ये रूढ केली. ६/१२ म्हणजे निकोप डोळा जे १२ मीटरवरून ओळखतो, ते या डोळ्याला ६ मीटरवर यावे लागते. चाचणी सोपी आहे, पण मुले त्याहून हुशार असतात: रांगेत उभ्या उभ्या ओळ पाठ करतात, नाही तर झाकलेल्या डोळ्याने बोटांच्या फटीतून बघतात.

मंददृष्टी किंवा ‘आळशी डोळा’ या दोषात मेंदू एका डोळ्याच्या प्रतिमेकडे दुर्लक्ष करायला शिकतो. तिरळेपणा किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांतील मोठी तफावत ही त्याची नेहमीची कारणे. चष्मा देऊन चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात. मध्यम मंददृष्टीत रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुणकारी ठरते, असे २००३ मध्ये दिसून आले. सातव्या वर्षाआधी गुण अधिक येतो. पुढेही येतो, पण कमी.

चष्म्याने गुण वाढतात का? चीनच्या ग्रामीण भागातील २५२ शाळांत झालेल्या प्रयोगात (२०१४) मोफत चष्मे मिळालेल्या मुलांचे गणिताचे गुण किंचित, पण निश्चित वाढले. तिथेही अचानक पाहणी केली तेव्हा फक्त ४१ टक्के मुलांच्या नाकावर चष्मा होता. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे पहिल्या वर्षी वाचनात सुधारणा दिसली, पण दुसऱ्या वर्षी ती टिकली नाही (२०२१). चष्मा हरवतो, मोडतो, चिडवल्यामुळे दप्तरातच राहतो; नुसता वाटून काम संपत नाही.

मागे पडणाऱ्या प्रत्येक मुलाचा दोष डोळ्यांवर टाकणेही चूकच. डिस्लेक्सिया हा भाषेतील ध्वनी आणि अक्षरे यांच्या जोडणीतला अडथळा आहे. अक्षर उलटे लिहिणाऱ्या मुलाला ते उलटे दिसत नसते. अमेरिकेतील बालरोग व नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये, डोळ्यांचे व्यायाम किंवा रंगीत काचा यांनी डिस्लेक्सिया बरा होतो याला पुरेसा आधार नसल्याचे स्पष्ट केले. जवळ पाहताना डोळे नीट आत न वळणे हा दोष मात्र खरा आहे. त्यात अक्षरे दुहेरी दिसतात आणि व्यायामांनी आरामही पडतो. तरीही २०१९ च्या चाचणीत या व्यायामांमुळे वाचलेले समजण्यात वेगळी भर पडली नाही.

रंगांधळेपणाला चष्म्याचा उपाय नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो सुमारे ८ टक्के, स्त्रियांत सुमारे ०.५ टक्के आढळतो. अशा मुलाला हिरव्या फळ्यावरचा लाल खडू जवळजवळ दिसत नाही, तसेच आलेखातील लाल व हिरवी रेघ वेगळी करता येत नाही. एक रेघ तुटक काढली की त्याचे काम भागते.