विरघळेल तेच ओठांत भरावं

भाचीचं लग्न वैशाखात आहे. परवा रंकाळ्यावर फिरताना ती म्हणाली, "मावशी, लग्नाआधी ओठ जरा भरून घेऊ म्हणतो." तिच्या मोबाईलवर दोन जाहिराती होत्या. एकीत वर्षभर टिकणारं फिलर, म्हणजे सुईनं ओठात भरायचा पदार्थ होता, दुसरीत कायमचं. कायमचं घेतलं की पुन्हा खर्च नाही, असा तिचा सरळ हिशेब. मला मात्र त्या 'कायमचं' शब्दाचीच धास्ती वाटली.

आज ओठांसाठी सर्वांत जास्त वापरलं जातं ते हायालुरोनिक ॲसिडचं जेल. नावात ॲसिड असलं तरी ते जाळत नाही. साखरेचे दोन प्रकारचे रेणू एकाआड एक गुंफून झालेली ती लांबच लांब साखळी आहे. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली ती गाई-बैलांच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून वेगळी काढली. आपल्या कातडीत आणि सांध्यांच्या वंगणातही ती असते. सत्तर किलोच्या माणसात साधारण पंधरा ग्रॅम, आणि त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा शरीर रोज मोडून नव्यानं घडवतं.

म्हणजे हा पदार्थ नुसता टोचला, तर एक-दोन दिवसांत संपेल. म्हणून कारखान्यात या साखळ्या एकमेकींना रासायनिक टाक्यांनी जोडतात. मोकळे धागे होते, त्यांची जाळी होते. जाळी पाणी धरून ठेवते आणि शरीराला ती उसवायला सहा महिने ते वर्षभर लागतं.

टाके किती घट्ट, यावर जेलचा स्वभाव ठरतो. गुऱ्हाळात काहिलीतला रस आधी काकवी होतो, मग त्याचाच गूळ होतो. तिथं पाणी आटतं, इथं टाके वाढतात. कारण वेगळं, पण हाताला लागणारा फरक तसाच. हनुवटीला आकार द्यायला ताठ जेल चालतं. ओठ मात्र दिवसभर हलतो, बोलतो, तांबड्या रश्श्याचा भुरका मारतो. तिथं ताठ जेलची गाठ जाणवते, म्हणून मऊ, लवचीक जेल लागतं. तेही एक मिलिलिटरच्या आसपास, चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा.

पण या जेलचा सगळ्यांत मोठा गुण टिकण्यात नाही, मोडता येण्यात आहे. हायालुरोनिडेज नावाचं विकर (एन्झाइम) ही जाळी काही तासांत कापू लागतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भूल नीट पसरावी म्हणून डोळ्यांचे डॉक्टर तेच वापरतात.

ओठांत या विकराची गरज का पडते, हे नीट समजून घ्यायला हवं. वरच्या आणि खालच्या ओठातून एकेक धमनी जाते, आणि तिची वाट प्रत्येकात थोडी वेगळी. सुई चुकून तिच्यात गेली किंवा जेलनं ती बाहेरून दाबली, तर रक्त अडतं. कातडी पांढरीफटक पडते, नेहमीपेक्षा फार दुखतं, मग निळसर जाळीदार डाग उठतात. अशा वेळी थांबून चालत नाही. विकर भरपूर मात्रेत लगेच टोचलं तर बहुतेकदा कातडी वाचते. उशीर झाला तर तो भाग मरतो आणि व्रण राहतो.

आता 'कायमचं' फिलर घ्या. द्रवरूप सिलिकॉन वर्षांनंतरही जागा सोडतं, त्याच्या गाठी होतात, आणि त्यावर हे विकर चालत नाही. काढायचं तर ओठ कापावा लागतो. कॅल्शियमयुक्त फिलर गालांना ठीक, ओठांत त्याच्या पांढऱ्या गाठी दिसतात. गाईच्या कोलॅजेनला अमेरिकेत १९८१ मध्ये परवानगी मिळाली होती, पण ॲलर्जीच्या भीतीनं आधी हातावर चाचणी घेऊन आठवडेच्या आठवडे थांबावं लागे. हायालुरोनिक जेल तिथं २००३ मध्ये आलं आणि कोलॅजेन मागे पडलं.

सुईविना, दाबानं जेल आत सोडणारं 'पेन'ही मिळतं. ते वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२१ मध्ये दिला आहे. जेल किती खोल जातंय, यावर त्यात ताबाच राहत नाही.

भाचीला मी तारखेचंही सांगितलं. सूज दोन-तीन दिवस राहते, काळंनिळं पडलं तर आठवडाभर, म्हणून हळदीच्या तोंडावर हे करू नये, महिनाभर आधी करावं. ओठावर ताप उतू जाण्याची, म्हणजे हर्पीसचे फोड येण्याची सवय असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं; सुईमुळे त्या फोडांचा विषाणू पुन्हा उठू शकतो. सीलबंद डबा समोर फोडायला लावावा आणि त्यावरचं बॅच नंबरचं लेबल जपून ठेवावं.

घरी येऊन तिनं विरघळणारं जेल भरणाऱ्या दोन दवाखान्यांत फोन लावला. "फिलर विरघळवायचं इंजेक्शन तुमच्याकडे तयार असतं का?" पहिल्या ठिकाणी विचारून सांगतो म्हणाले. दुसरीकडे फोन त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी स्वतः घेतला. "असतं. त्याशिवाय मी सुई हातात घेत नाही," त्या म्हणाल्या. भाचीनं तिथली फाल्गुनातली वेळ घेतली.