फुगलेलं बूड आणि भिजलेला डेक

सत्तर-ऐंशीच्या दशकातली, वर्षानुवर्षं धक्क्याला नुसती बांधून ठेवलेली मोटर यॉट स्वस्तात विकायला निघाली, की सर्व्हेअरच्या (बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या) अहवालात एक वाक्य हमखास सापडतं: फायबरमध्ये, म्हणजे फायबरग्लासमध्ये, ओल आहे. घेणारा इथेच गडबडतो. ही ओल बुडाची असू शकते किंवा डेकची, आणि दोन्हींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो. बुडाची ओल दिसायला भयंकर. डेकची दिसतच नाही, आणि खिसा रिकामा करते ती बहुधा हीच.

बोट क्रेनने वर उचलली की बुडावर फोड दिसतात, काही मुगाएवढे, काही रुपयाच्या नाण्याएवढे. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत लेप, अभेद्य वाटतो, पण पाण्याचे रेणू त्यातून सावकाश आत झिरपतात. आतल्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये (काचतंतू जोडून धरणाऱ्या राळेत) पाण्यात विरघळणारे घटक राहून गेलेले असतात. त्यांचं दाट द्रावण होतं, ते आणखी पाणी ओढतं, दाब वाढतो आणि जेलकोट फुगतो. याला ऑस्मोसिस म्हणतात. असा फोड टोचला तर चिकट द्रव जोरात उडतो (डोळ्यांवर चष्मा हवाच) आणि व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. वास नाही, नुसतं पाणी आलं आणि खालचा जेलकोट शाबूत दिसला, तर फोड रंगाचा. खरवडा, पुन्हा रंगवा, विषय संपला. उष्ण पाण्यात ऑस्मोसिस लवकर होतं, म्हणून फ्लोरिडात बारा महिने पाण्यात राहिलेली बोट बघताना फोडांची अपेक्षा ठेवूनच जावं.

पण फोडांनी बोट सहसा बुडत नाही. ग्रँड बँक्स या बोटी बांधणाऱ्या कंपनीने 1973 मध्ये लाकूड सोडून फायबर धरलं. त्या पिढीतल्या ट्रॉलर यॉटचं (मासेमारी ट्रॉलरच्या धर्तीवरच्या सावकाश चालणाऱ्या मोटर यॉटचं) बूड भरीव आणि चांगलं जाड असतं. मोजके फोड घासून इपॉक्सीने (घट्ट चिकटून कडक होणाऱ्या राळेने) भरता येतात. सगळं बूडच फुललं असेल तर जेलकोट सोलायचा, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचं, महिनोन्महिने वाळवायचं आणि मग इपॉक्सीचे थर चढवायचे. काम महागाचं आहे, तरी दोन-चार हंगाम पुढे ढकललं म्हणून आभाळ कोसळत नाही.

डेकची गोष्ट निराळी. तो भरीव नसतो. फायबरचे दोन पातळ थर आणि मधे बाल्सा (एक अगदी हलकं लाकूड) किंवा प्लायवूडचा गाभा, अशी त्याची रचना. गाभा दोन्ही थरांना घट्ट चिकटलेला असेल तोवरच ताकद. पाणी इथे रेणूरेणूने येत नाही, सरळ या वस्तू बसवायच्या भोकांतून येतं: क्लीट (दोर बांधायची खुंटी), रेलिंगचे खांब, नांगर ओढायचं विंडलास. त्यातून तैवानी ट्रॉलर असेल तर डेकवर सागवानी पट्ट्या, आणि त्या बसवायला शेकडो, कधी हजारावर स्क्रू. पट्ट्यांमधलं सीलंट वाळून तडकलं की प्रत्येक स्क्रू ही पाण्याची वाट होते. शिवाय हे पाणी पावसाचं, म्हणजे गोडं. लाकूड कुजवणारी बुरशी त्यावरच पोसते. जुने लोक सागवानी डेक समुद्राच्या पाण्याने धुतात ते उगाच नाही.

ओल मोजायचं यंत्र इथे फसवतं. भिजलेलं सागवान, बुडाला लावलेला तांबेयुक्त रंग, आतली एखादी धातूची पट्टी, कशानेही काटा वर जातो. नुकत्याच पाण्याबाहेर काढलेल्या बुडावर तर जातोच. आणि ओलं म्हणजे कुजलेलं, असंही नाही. माझा भरवसा प्लॅस्टिकच्या हातोडीवर जास्त. माठ घेताना टिचकी मारून बघतो तसं डेकभर ठोकत जायचं. टणटणीत आवाज बद्द झाला की तिथे खडूने खूण. पाऊल टेकल्यावर डेक किंचित दबतो का, खाली केबिनच्या छताला तपकिरी ओघळ आहेत का, तेही बघून घ्यावं.

असा डेक वाळवून भागत नाही, कारण गाभा दोन थरांत कोंडलेला. भोकं पाडून इपॉक्सी सोडायचा सल्ला बरेच जण देतात. ओल्या, कुजक्या लाकडाला ती चिकटत नाही. वरचा थर कापायचा, काळा लगदा खरवडून काढायचा, नवा गाभा बसवून वर पुन्हा फायबर चढवायचं. मग प्रत्येक स्क्रूचं भोक मुद्दाम मोठं करून इपॉक्सीने बुजवायचं आणि त्यातच नवं पाडायचं. मजुरी इथेच जाते. सागवान पुन्हा बसवायच्या फंदात मी तरी पडणार नाही. घसरणरोधक रंग पुरे.

म्हणून फोड दिसले तर भाव पाडून मागा. डेक बद्द वाजला तर आधी बोटयार्डाकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्या, मगच आकडा बोला. एक विचारायला मात्र विसरू नका: या बोटीचं बूड भरीव आहे की त्यातही गाभा आहे? काही मॉडेलांत असतो. तसं असेल आणि पाण्याखालच्या फिटिंगभोवती हातोडी बद्द वाजली, तर बोट कितीही स्वस्त असो, घेऊ नये.