जिभेचा नकाशा चुकीचा आहे

टोकाला गोड, कडांना आंबट-खारट, मागे कडू: जिभेची ही आकृती पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी रंगवली. ती चूक आहे. जिभेच्या चव कळणाऱ्या सगळ्या भागांवर सगळ्याच चवी कळतात. १९०१ मध्ये जर्मनीत हेनिग या संशोधकांना चव कळण्यात भागाभागांत जेमतेम फरक आढळला होता. १९४२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एडविन बोरिंग यांच्या आलेखातून तो भलताच मोठा भासू लागला. १९७४ मध्ये संशोधक व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी फेरतपासणी करून फरक किरकोळच असल्याचं दाखवलं, तरीही आकृती छापली जातच राहिली. मला खटकतं ते हेच. मिठाचा खडा जिभेच्या टोकावर ठेवा, खारटच लागेल. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करावा, आणि आकृतीवर काट मारताना ती का मारली हेही मुलांना सांगावं.