पाऊणशे वर्षांनी तरंगलेल्या गासड्या

२०१८ च्या अखेरीस ईशान्य ब्राझीलच्या किनाऱ्यावर रबराचे काळपट, चिवट, चौकोनी गठ्ठे येऊन पडू लागले. एकट्याला हलणार नाहीत इतके जड. एकावर पुसटसा ठसा होता: फ्रेंच इंडोचायनाचा (आजचे व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) माल. ही फ्रेंच वसाहत तर १९५४ पासून नकाशावर नाही!

सेआरा विद्यापीठातल्या समुद्रशास्त्रज्ञांनी प्रवाहांचं गणित उलटं मांडत माग काढला, तो पोचला ‘रिओ ग्रांद’ या जर्मन जहाजापाशी. दुसऱ्या महायुद्धात नाकेबंदी चुकवत आशियातून रबर आणि कथील नेणाऱ्या जहाजांपैकी हे एक. जानेवारी १९४४ मध्ये अमेरिकी युद्धनौकांनी दक्षिण अटलांटिकमध्ये तीन दिवसांत अशी तीन जहाजं गाठली: ३ तारखेला ‘वेझरलांट’, ४ ला ‘रिओ ग्रांद’, ५ ला ‘बुर्गनलांट’.

जर्मनीकडे ‘बुना’ हे कृत्रिम रबर होतं की, मग एवढा जुगार कशाला? नैसर्गिक रबर ताणलं की त्याच्या रेणूंच्या साखळ्या ओळीने लागून स्फटिकासारख्या घट्ट बसतात, त्यामुळे चीर पुढे सरकत नाही. बुनाला हे जमत नाही, शिवाय सतत दाबलं-सुटलं की ते जास्त तापतं. ट्रकच्या आणि विमानांच्या जाड टायरांसाठी झाडाच्या चिकाला तेव्हा पुरता पर्याय नव्हता.

‘रिओ ग्रांद’चा सांगाडा १९९६ मध्ये ५,७६२ मीटर खोलीवर सापडला. तिथे दाब पृष्ठभागाच्या पावणेसहाशे पट. लाकडाच्या छिद्रांत अशा दाबाने पाणी शिरतं आणि ते पुन्हा वर येत नाही. भरीव रबरात पाण्याला शिरायला वाव जवळजवळ नसतो. दाबाने ते आकसतं खरं, पण भोवतालचं पाणीही जवळपास तितकंच आकसतं. त्यामुळे रबर समुद्राच्या पाण्याहून दहा टक्के हलकं, ते तळाशीही हलकंच राहतं. शंभर किलोच्या गासडीला पाणी सतत अकरा किलोंच्या जोराने वर ढकलत होतं. अडवत होता फक्त जहाजाचा पत्रा. तो गंजून फाटायचा अवकाश, की गासडी सुटलीच.

पुढचं काम पश्चिमेकडे वाहणाऱ्या विषुववृत्तीय प्रवाहाचं. जहाज बुडालं तिथून ब्राझील सुमारे हजार किलोमीटर. कथील मात्र अजून खालीच असावं, त्याला कोण ढकलणार?